कवेलू उतरले, टिन चढले

२०११ सालच्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेत घरोघरी गेलेल्या प्रगणकाला छताची नोंद करायची होती. पर्याय ठरलेले होते. गवत, बांबू, प्लास्टिक आणि हाताने घडवलेले कवेलू या रकान्यातले छत कच्चे. कारखान्यात बनलेले कौल, लोखंडी पत्रा, अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा, दगड किंवा स्लॅब असेल तर पक्के. या हिशेबाने मे महिन्यातल्या दुपारी ज्या घरात पाय टाकवत नाही ते टिनाचे घर पक्के ठरले. शेजारचे कवेलूचे घर, जिथे त्याच वेळी घरातली म्हातारी माणसे निवांत वामकुक्षी घेत असतात, ते मात्र कच्चे. पुढे २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची घरकुले सुरू झाली, तेव्हा लाभार्थींच्या यादीचा पाया हीच गणना होती.

प्रगणकाचे चुकले असे म्हणता येणार नाही. त्याला पाऊस दिसत होता. ऊन दिसत नव्हते. आणि छप्पर बदलायला निघालेल्या घरमालकाचीही नेमकी तीच अवस्था असते.

नागपूरच्या नैऋत्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर वेणा नदीच्या काठी हिंगणा आहे. तालुक्याचे गाव, आणि आता जवळजवळ शहरच. नागपूरच्या मेट्रोची ॲक्वा मार्गिका २०२० च्या जानेवारीत हिंगणा रोडवरच्या लोकमान्यनगरपर्यंत पोहोचली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एमआयडीसीच्या शेड, महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना, वानाडोंगरीची इंजिनिअरिंग कॉलेजे, डिगडोहचे लता मंगेशकर रुग्णालय. या सगळ्याच्या मागे सरकले की तालुक्याच्या खेड्यांत एकाच गल्लीत छपरांचा सगळा इतिहास सापडतो. एका घरावर गावठी कवेलू, दुसऱ्यावर इंग्रजी कवेलू, तिसऱ्यावर सिमेंटचा पत्रा, चौथ्यावर निळे टिन, आणि पाचव्याच्या स्लॅबवर ऊन अडवायला पुन्हा टिनाची शेड.

गावठी कवेलू कुंभाराच्या चाकावर जन्माला येते. मातीची नळी ओढायची, एका तोंडाला किंचित निमुळती ठेवायची, ओली असतानाच तिच्यावर समोरासमोर दोन चिरा पाडायच्या, वाळवायची आणि भाजायची. हलका ठोका दिला की नळीचे दोन सारखे अर्धे होतात. छपरावर पहिला थर उताणा घालतात, म्हणजे पन्हळी तयार होतात. दुसरा थर त्यांच्या सांध्यांवर पालथा. निमुळत्या तोंडामुळे वरचे कवेलू खालच्यात सरकून बसते. त्याला चुना लागत नाही, सिमेंट लागत नाही, खिळाही लागत नाही. खाली बांबूच्या कमच्या, त्यांच्याखाली फाटे, फाट्यांना आधार देणारी मयाल. कवेलू जागेवर राहते ते स्वतःच्या वजनाने आणि छपराच्या उताराच्या मेहेरबानीने.

हेच त्याचे बळ आणि हीच त्याची अडचण. नुसते ठेवलेले असल्यामुळे ते हलते. वाऱ्याने सरकते, मांजर गेले तरी जागा सोडते, खालचा फाटा वाकला की पूर्ण ओळ घसरते. त्यात विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे भिंतीसुद्धा स्थिर नसतात. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे. माणूस अनवाणी वर चढतो, पाय फाट्यावरच पडेल असा बेतानेच टाकतो, ओळीने कवेलू उचलतो, पानगळीचा कचरा झाडतो, फुटके बाजूला काढतो आणि परत मांडतो. खालून घरातल्या बायका कवेलू देत राहतात. फुटक्यांच्या जागी घालायला परसात कवेलूंची रास आधीपासून रचून ठेवलेली असते. कुठे पाय द्यायचा हे ज्याला कळत नाही, तो दुरुस्तीपेक्षा नुकसान जास्त करतो. त्यामुळे गावात फेरणाऱ्या दोन-तीन माणसांना मेच्या शेवटच्या पंधरवड्यात भलताच भाव यायचा.

ही माणसे आता मिळत नाहीत. एमआयडीसीची पाळी सोडून कोणी दिवसभर उन्हात दुसऱ्याच्या छपरावर बसायला तयार नाही, आणि का असावे? कुंभाराच्या घरातला मुलगाही चाकावर बसत नाही. फाट्यांसाठी लागणारे सागवान जंगलातून आणण्याचे दिवस केव्हाच संपले, आणि आहे त्या लाकडाला उदई पोखरते.

तरीही कवेलूचे सर्वांत मोठे शत्रू माणसाच्या सवयी नव्हेत. हिंगण्यातल्या कोणत्याही खेड्यात विचारले तर उत्तर एकच येते: वानरे. तालुक्याच्या पलीकडे बोरचे जंगल पसरले आहे, इकडे संत्र्याच्या बागा आणि तुरीची शेते आहेत. काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी गावात शिरली की रस्त्याने चालत नाही, छपरावरून छपरावर जाते. पूर्ण वाढलेला हुप्प्या पंधरा-वीस किलोचा असतो. तो चिंचेवरून उडी मारून कवेलूवर उतरला की काय राहते, ते सांगायला नको. आज फेरलेले छप्पर उद्या सकाळी चाळणी झालेले असते. शहरातला पाहुणा ज्या वानरांचे मोबाइलवर फोटो काढतो, त्यांनीच विदर्भातल्या मातीच्या छपरांचा निकाल लावला आहे. टिनावर तीच वानरे नुसता धडधडाट करतात.

गावठी कवेलू आणि टिन यांच्या मध्ये एक टप्पा होऊन गेला. ज्याला कोकणात मंगलोरी कौल म्हणतात, त्याला विदर्भात इंग्रजी कवेलू म्हणायची पद्धत आहे. खरे तर त्यात इंग्रजांचा हात कमीच. एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचा शोध फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या जिलार्डोनी बंधूंनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला लावला. ते भारतात आणले स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने. गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. पुढे रेल्वेने ही कौले देशभर नेली, आणि स्टेशन, शाळा, कचेऱ्या, मालगुजारांचे वाडे या सर्वांनी ती डोक्यावर घेतली. एक कौल दोन ते तीन किलोचे, चौरस मीटरला साधारण पंधरा. खाचेत खाच बसत असल्याने एकच थर पुरतो आणि वर्षाआड डागडुजी केली तरी चालते. वानरापुढे मात्र तेही टिकत नाही.

टिनाची गोष्ट लंडनच्या गोदीतून सुरू होते. हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. पातळ पत्रा सपाट असला की लवतो. त्याला लाटा पाडल्या की तोच पत्रा मोठे अंतर आधाराशिवाय पेलतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये जस्ताचा मुलामा द्यायची रीत निघाली आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटला. म्हणजे ज्याला सगळे टिन म्हणतात त्यात टिन, म्हणजे कथील, औषधालाही नाही. हल्लीच्या रंगीत पत्र्यांवर अनेकदा जस्ताऐवजी ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्र लेप असतो: ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त, बाकी सिलिकॉन. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला. हिंगण्याच्या माणसाला हा पत्रा फार लांबून आणावा लागत नाही. जिल्ह्यातच कळमेश्वरला जेएसडब्ल्यूचा लेपित पत्र्यांचा मोठा कारखाना आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वीस फूट रुंद, तीस फूट लांब असे साधे दुपाखी घर घ्या. जमिनीवर ते ६०० चौरस फूट भरते आणि घरमालक तेवढाच आकडा घेऊन दुकानात जातो. छप्पर मात्र उतरते असते. मधली उंची भिंतीपेक्षा चार फूट जास्त असेल तर एका पाख्याची लांबी दहा फूट न राहता पावणेअकरा होते. वळचणीला दीड फूट पुढे काढले की सव्वाबारा. दोन्ही पाखे मिळून साडेचोवीस फूट. लांबीत दोन्ही टोकांना एकेक फूट सोडला तर बत्तीस. गुणाकार ७८४ चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रापेक्षा जवळपास एकतृतीयांश जास्त. त्यात पत्र्याची रुंदी साडेतीन फूट असली तरी शेजारच्यावर चढवल्यावर उपयोगी रुंदी सव्वातीनच्या आसपास उरते. एका पाख्याला दहा, दोन्हीला वीस पत्रे, प्रत्येक साडेबारा फूट लांब. पाख्याएवढ्या लांबीचा अखंड पत्रा कापून मिळत असेल तर तोच घ्यावा. मधला आडवा जोड जितका टळेल तितकी गळती टळते.

कवेलू उतरवायचे ते दोन्ही पाख्यांवरून एकाच वेळी, थोडे इकडचे, थोडे तिकडचे. एक बाजू पूर्ण मोकळी केली तर दुसऱ्या बाजूचे वजन जुन्या मयालीला एकीकडे ढकलते. वर चढण्याआधी खालून काठीने फाटे ठोकून पाहायचे. पोकळ आवाज आला तर उदईने आतून खाल्लेले आहे आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही. छपरावरून पडण्याचा धोका या वेळी मोठा असतो.

मग मुद्दा येतो वजनाचा, आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होते. आपल्या या घरावर इंग्रजी कवेलूंचे ओझे चौरस मीटरला चाळीस किलो धरले, तर एकूण जवळपास तीन टन भरते. गावठीचा दुहेरी थर त्याहून जड. त्याच जागी अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा टाकला की ओझे साडेतीनशे किलोवर येते. घरमालक खूश होतो: भिंतींवरचा भार उतरला! पण आधीचे छप्पर त्या भारामुळेच घरावर बसून होते. शिवाय कवेलूंच्या फटींतून वारा आरपार जातो, त्यामुळे वरचा आणि खालचा दाब बराचसा सारखा राहतो. पत्रा अखंड असतो. वारा त्याच्यावरून वेगाने गेला की वर खेचणारी ओढ तयार होते आणि उघड्या दारातून घुसलेला वारा खालून रेटतो.

भारतीय मानकांच्या नकाशात नागपूरचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. एवढा झोत रोज येत नाही. पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला तो झोत आहे. पण त्यावरून निघणारा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन आहे पाच किलो. मे-जूनमध्ये वावधन सुटते त्या संध्याकाळी हा हिशेब गावोगावी प्रत्यक्षात उतरतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘टिनपत्रे उडाली’ ही बातमी ठरलेली असते.

त्यावर गावाचा तोडगा म्हणजे पत्र्यावर दगड ठेवणे. हा उपाय वाईटच आहे. पत्रा उडतो तेव्हा दगड आधी घसरतात आणि खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात बसतात. खरा उपाय साखळीचा आहे. पत्रा आडव्या पाइपाला घट्ट, पाइप कैचीला घट्ट, कैची भिंतीला घट्ट, आणि कैचीला धरणारी सळई भिंतीत दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गेलेली. यातला सर्वांत कच्चा दुवा बहुतेक वेळा शेवटचा असतो: वेल्डर लोखंडाची सुंदर चौकट बनवतो आणि ती मातीच्या किंवा विटांच्या भिंतीवर नुसती टेकवून जातो. वळचण, आढे आणि कोपरे इथे ओढ सर्वांत जास्त, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. अनेक फॅब्रिकेशनवाले सगळीकडे सारख्या अंतरावर मारतात, कारण दोरी एकदाच धरायची असते.

स्क्रूखालचा रबरी वायसर हा पूर्ण छपरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. तो किंचित दबायला हवा, चुरगळून बाहेर यायला नको. ड्रिल मशीन बेफाम दाबले की वायसर फाटतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथून थेंब सुरू होतो. पत्रे मांडायला सुरुवात करायची ती पावसाळी वाऱ्याच्या उलट टोकाकडून, म्हणजे प्रत्येक सांध्याचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहते. विदर्भात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, तेव्हा काम पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकावे. ड्रिलने पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढावा. राहिला तर पहिल्या दवातच तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबूस डाग धरतो.

आणखी एक खोड गवंड्यांची. पत्रा भिंतीला भिडतो तिथली फट ते सिमेंटच्या मसाल्याने भरतात. दिसायला काम चोख होते. पण ओला सिमेंट-मसाला अल्कधर्मी असतो आणि ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाला तो खातो. वर्षा-दोन वर्षांत मसाला तडकतो, पाणी आत शिरते आणि पत्रा नेमका तिथेच भोकाळतो. फटीवर पत्र्याचीच वाकवलेली पट्टी भिंतीत खाच पाडून बसवावी आणि वर लवचीक सीलंट भरावे. पाचशे रुपयांसाठी मालक आणि मिस्त्री यांची घासाघीस होते ती बहुधा याच पट्टीवर.

नागपूरकडची कितीतरी मुले आज न्यू जर्सी, टेक्सासच्या घरांत राहतात. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर आणखी निराळे आहे. काचतंतूंच्या पातळ चटईवर डांबर, त्यावर दगडाची रंगीत रवाळ भुकटी, अशा चपट्या तुकड्यांना तिकडे शिंगल म्हणतात. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचे छप्पर-ठेकेदार हेन्री रेनॉल्ड्स यांनी १९०३ च्या सुमारास डांबरी कागदाच्या गुंडाळ्या कापून ते तुकडे केले. आता अमेरिकेतल्या बहुतेक घरांवर तेच असतात. पंधरा ते तीस वर्षांत त्यांची भुकटी झडते, कडा वळतात, किंवा एका गारपिटीत खेळ संपतो. मग ठेकेदाराची टोळी सकाळी येते, जुने सगळे खरवडून काढते, फळ्या तपासते, अस्तराचा थर अंथरते आणि वळचणीकडून आढ्याकडे ओळी चढवत जाते. प्रत्येक तुकड्याला चार खिळे, वादळी प्रदेशात सहा. साधे घर एक-दोन दिवसांत उरकते. जुन्याच्या वर एक नवा थर चालतो. तिसरा घालायला तिथले बांधकाम नियम मनाई करतात.

त्या रीतीतल्या दोन गोष्टी हिंगण्यातही उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे अस्तर: वरचा थर कुठेतरी गळणारच असे गृहीत धरून खाली दुसरा थर ठेवलेला असतो. दुसरी म्हणजे हवा: वळचणीतून हवा आत येते आणि आढ्यावरच्या झडपेतून बाहेर पडते, त्यामुळे छपराखाली उष्णता कोंडत नाही. शिंगल इकडे आणायचे मात्र कारण नाही. अमेरिकेतच जिथे नागपूरसारखा उन्हाळा असतो त्या ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरात नव्या वसाहतींच्या छपरांवर कौलेच जास्त दिसतात, मातीची किंवा काँक्रीटची.

उन्हाचा विषय टाळून टिनाबद्दल बोलता येत नाही. नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०२४ च्या मे अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर खळबळ उडाली. नंतर हवामान खात्याने ते यंत्र बिघडल्याचे सांगितले. टिनाच्या खोलीत राहणाऱ्यांना त्या बातमीचे फारसे आश्चर्य वाटले नसावे. दुपारी पत्र्याची खालची बाजू साठ अंशांच्या पुढे सहज जाते आणि ती उष्णता थेट खाली बसलेल्यावर फेकते. कवेलूच्या दोन थरांत हवा असते, माती हळू तापते आणि फटींतून गरम हवा निसटते. जुन्या छपरात हे सगळे फुकट होते. ते छपराबरोबर उतरवून परसात ठेवले जाते आणि मग कूलर घेतला जातो.

गावाने यावर आपले उपाय काढलेले आहेत. टिनावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरणे हा सर्वांत जुना, आणि तो कामही करतो. मात्र दोन अटींवर. जवळ चूल किंवा विजेची उघडी तार नको, आणि पावसाआधी काड्यांचा शेवटचा तुकडासुद्धा काढायला हवा. ओल्या काड्या पत्र्याला चिकटून राहिल्या की लेप त्यांच्याखालीच सडतो. चुन्याचा पांढरा हात दिला तर एक उन्हाळा निघतो. परावर्तक पांढरा रंग चार-पाच वर्षे टिकतो आणि खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरवतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मालाट कृती आराखडा केला, त्यानंतरच्या काळात असे थंड छप्पर सरकारी भाषेत आले. तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. थर्माकोलचे सिलिंग मात्र टाळावे. ते स्वस्त असते, पण पेटले की विझवायला वेळ मिळत नाही. बांबूच्या तट्ट्याचे सिलिंग जास्त शहाणे, आणि त्याच्यावरची हवा दोन्ही टोकांच्या जाळ्यांतून वाहती ठेवली तर अर्धे काम तिथेच होते.

यापेक्षा सरस एक उपाय आहे, आणि तो बदलाच्या वेळीच करावा लागतो. भिंती दोन-तीन विटांच्या थरांनी उंच करून लोखंडी चौकटीवर आधी पत्रा मारायचा, आणि त्याच्या वर पट्ट्या ठोकून उतरवलेलीच इंग्रजी कवेलू परत मांडायची. पाणी पत्रा अडवतो, ऊन कवेलू अडवते, मधल्या फटीतून वारा खेळतो. वानराने चार फोडली तरी घर गळत नाही. सवडीने बदलता येतात. खर्च वाढतो हे खरे. चौकट कवेलूंच्या वजनाला पुरेल अशी करावी लागते. पण त्या वजनामुळे वावधनात छप्पर जागेवरही राहते, आणि ज्याच्या परसात चांगली कवेलू पडून आहेत त्याला निम्मे सामान फुकटच मिळालेले असते.

सिमेंटच्या पत्र्याचा विषय वेगळा आणि थोडा गंभीर. विदर्भात १९७० नंतर बांधलेल्या कितीतरी घरांवर आणि एमआयडीसीच्या शेडवर तो अजून आहे. टिनापेक्षा तो कमी तापतो, पावसात आवाज करत नाही, गंजत नाही. पण त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघाने २००५ पासून आणि अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात ते परदेशातून येते आणि त्याचे पत्रे अजून बनतात, विकले जातात. छपरावर शांत पडलेला अखंड पत्रा फारसा धोक्याचा नाही. धोका सुरू होतो तो बदलताना. कामगार घण मारून तो फोडतात, कटर चालवतात, पांढरी धूळ उडते आणि तीच श्वासातून आत जाते. म्हणून आधी पाणी मारून पत्रा ओला करायचा, नटबोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा, कापायचा नाही, तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावायचा, आणि तुकडे अंगणात भरतीला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरायचे नाहीत. खेड्यात नेमका हा शेवटचा वापर सर्रास चालतो.

मातीच्या छपराची वाट पूर्ण बंद झाली होती असेही नाही. हिंगण्यापासून साठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. मातीच्या भिंती, बांबू आणि गावठी कवेलू अशी तिथली कुटी स्थानिक सामानातूनच उभी झाली. ती आजही दरवर्षीच्या निगुतीवर उभी आहे. म्हणजे फेरणारा माणूस मिळाला तर हे छप्पर किती टिकते, याचा पुरावा समोर आहे. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पुढची पायरी गाठली. देवेंद्रकुमार गुप्ता यांनी १९७० च्या दशकात ही संस्था सुरू केली. केंद्राने कुंभाराच्या चाकावर निमुळते पोकळ नळे घडवून घेतले, एकाचे तोंड दुसऱ्यात बसेल असे. नळ्यांची कमान रचायची, कमानीशेजारी कमान, वरून मसाल्याचा थर. फाटे नाहीत, मयाल नाही, लोखंडही नाही. नळ्यांच्या पोकळीतली हवा ऊन अडवते, आणि वरचा थर अखंड असल्याने वानराला फोडायला सुटे काही सापडत नाही. कुंभारालाही काम मिळते. त्या पद्धतीची घरे वर्ध्याच्या आसपास उभी राहिली, पण गावोगावच्या गवंड्यांच्या हाती ती गेली नाही. कमान रचायला शिकावे लागते; टिन स्क्रूने बसते.

उतरवलेल्या कवेलूंचे काय होते? बरीच परसात शेवाळतात. चांगली असतील तर घेणारे मात्र हल्ली दारात येतात. अमरावती रोडवरच्या ढाब्यांना, फार्महाउसला आणि जंगलाकाठच्या रिसॉर्टना गावचा देखावा हवा असतो आणि त्यासाठी जुनी, काळवंडलेली इंग्रजी कवेलू नव्यापेक्षा जास्त पसंत पडतात. घेताना ते प्रत्येक कवेलू बोटाने वाजवून बघतात. खणखणीत वाजले तर ट्रॅक्टरमध्ये, बद्द वाजले तर बाजूला. विकणाऱ्या घरमालकानेही आपली रास आधी तशीच वाजवून, मोजून ठेवावी, आणि स्वतःच्या गोठ्यापुरती दोनशे-तीनशे काढून मगच भाव सांगावा.